हवेच्या रेघा

"न पटणारा आकडा आला की आधी हवेच्या रेघा बघायच्या. मग लाल पेन्सिल. उलटं करायचं न्हाई. ऐकलीस काय?"

"ऐकलं गं ताई. तिसऱ्यांदा ऐकलं."

"मग चौथ्यांदा सांगतो."

प्रतिभाताई पिशवीची चेन ओढत बोलत होती. चेन मध्येच अडकत होती आणि मी कँटीनमधला साबुदाणा वडा खात संगणकाच्या पडद्याकडे बघत बसले होते. तिला गावाकडून फोन आला होता. आईला दवाखान्यात ठेवलं होतं. मंगळवारची दुपार होती, अडीचची एसटी पकडायची होती, आणि तरी ती दारातून परत आली.

"दुर्बिणीच्या तीन रात्री येणारेत. बुधवार, गुरुवार, शुक्रवारच्या सकाळी एकेक. त्या नीट उतरवून घे. मीटिंग शुक्रवारी चारला. तोवर मी येतो."

"ये गं. मी आहे ना."

"तू हाईस म्हणूनच चौथ्यांदा सांगतो," असं म्हणून ती हसली आणि गेली.

मला तेव्हा ते टोचलंही नाही. बावीस वर्षांची होते. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करायला पुण्यातल्या त्या खगोलशास्त्राच्या संस्थेत आले होते आणि मला वाटायचं की माणूस तेच तेच सांगतो तेव्हा तो समोरच्याला नाही, स्वतःलाच धीर देत असतो.

प्रतिभा साळोखे माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. कागलच्या बाजूची. कोल्हापूरकडच्या बऱ्याच बायका बोलतात तशी 'मी येतो, मी जातो' म्हणायची. संस्थेत पहिल्या वर्षी त्यावरून लोक हसले, दुसऱ्या वर्षी हसायचे थांबले, कारण तिच्याइतकं बारीक काम तिथे कोणी करत नव्हतं. तिचं पीएच.डी.चं पाचवं वर्ष सुरू होतं. मार्चअखेर शिष्यवृत्ती संपणार होती. हाती ठोस काही लागलं तर एक वर्ष वाढवून मिळणार, नाही तर गाशा गुंडाळून गावी. गावी मोठा भाऊ होता, विलासदादा. तो दर आठवड्याला फोन करून एकच प्रश्न विचारायचा, "झालं का न्हाई अजून तुझं आकाश बघून?"

तिच्या हाती एक तारा होता. त्याचं नाव म्हणजे नुसता लांबलचक क्रमांक. आम्ही त्याला 'आपला' म्हणायचो. तो तारा एकटा नव्हता. कशाभोवती तरी फिरत होता. ज्याच्याभोवती फिरत होता ते दिसत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं होतं, जे दिसतच नाही ते आहे हे कळतं कसं? ती खुर्चीतून उठली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "फुगडी घालायला येती काय?"

"ताई, इथे?"

"मग कुठं? घाल."

त्या चिंचोळ्या खोलीत, दोन संगणक आणि एका कपाटाच्या मधे, आम्ही दोन गिरक्या घेतल्या. तिसऱ्या गिरकीत मी कपाटावर आदळले.

"आता समज, अंधारात फुगडी चाललीया. माझ्या अंगावर काळं लुगडं, तुझ्या अंगावर पांढरं. लांबून बघणाऱ्याला काय दिसंल? तू एकटीच वेड्यागत गरगर फिरायलीस. पण तू किती जोरात फिरतीस आणि किती लांब फेकली जातीस, त्यावरनं मी किती जड हाय ते त्याला सांगता येतंय का न्हाई? झालं. एवढंच शास्त्र हाय. बाकी सगळं मोजमाप."

मग चहा पिता पिता तिने मला पुढचं सांगितलं होतं. सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज पाद्र्याने गणित मांडून म्हटलं होतं की एखादा तारा इतका जड असेल की त्याचा उजेडही त्याच्यापासून सुटणार नाही; तो दिसायचा नाही, पण शेजारी कोणी फिरत असेल तर त्या शेजाऱ्यावरून ओळखा. लोकांनी वाचलं आणि विसरून गेले. मग आपल्याकडचा एकोणीस वर्षांचा मुलगा विलायतेला निघाला, आणि बोटीत बसल्या बसल्या त्याने हिशेब केला की विझलेला तारा ठरावीक वजनाच्या पुढे असेल तर त्याला थंड होऊन स्वस्थ पडताच यायचं नाही. पुढे काही वर्षांनी भर सभेत तिथल्या एका बड्या माणसाने त्याची टर उडवली. असं वेड्यासारखं वागायला निसर्ग ताऱ्याला देणारच नाही, म्हणाला.

"आणि आकडा?" मी विचारलं होतं.

"आकडा बरोबर होता. पटत नव्हता, एवढंच." तिने चहाचा शेवटचा घोट घेतला. "मग चाळीसेक वर्षं गेली. हंस नक्षत्रात एक निळा तारा सापडला, साडेपाच दिवसांत कुणाभोवती तरी गिरकी घ्यायचा. कुणाभोवती, ते दिसत नव्हतं. पण तिथनंच क्ष-किरण येत हुते. वजन काढलं, तेव्हा लोकांची तोंडं बंद झाली. तरी सगळ्यांची न्हाईच."

"आपलाही तसाच असेल?"

ती पेन्सिलीने टेबलावर टकटक करत राहिली. "असं मोठ्यानं म्हणायचं न्हाई. मोजायचं."

मोजायचं म्हणजे काय ते सांगायला हवं. दुर्बीण दूर डोंगरावर होती. आमच्याकडे यायचा तो ताऱ्याच्या उजेडाचा फोडून पसरलेला पट्टा, आणि त्या पट्ट्यावरच्या काळ्या रेघा. तारा आपल्याकडे येत असेल तर रेघा निळ्या टोकाकडे सरकतात, लांब जात असेल तर तांबड्याकडे. किती सरकल्या यावरून वेग. सरकणं मोजायला फूटपट्टी लागते, म्हणून प्रत्येक रात्री एका दिव्याचा पट्टाही घेतात. त्या दिव्याच्या रेघा कुठे असतात हे पक्कं ठाऊक असतं. आता कधी कधी यंत्रात दिवाच किंचित हलतो. मग फूटपट्टीच चुकीची ठरते आणि ताऱ्याचा वेग भलताच येतो. असं झालं की ती रात्र रद्द करायची.

पण रद्द करण्याआधी एक तपासणी असते. ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत येताना हवेतून येतो आणि हवेतला प्राणवायू त्यात स्वतःच्या रेघा ओढतो. हवा इथलीच असते, ती कुठे पळत नाही. म्हणून त्या रेघा जागच्या जागी असतील तर फूटपट्टी ठीक आहे आणि तारा खरंच पळतोय. त्याही सरकलेल्या असतील तर दिव्याचा दोष. एका रात्रीला तासभर लागतो. डोळे दुखतात. कंटाळवाणं काम.

आणि आमच्या खोलीत एक नोंदवही होती, हिरव्या कापडाची. रद्द केलेल्या रात्रीवर तांबड्या पेन्सिलीची रेघ, पुढे कारण, त्यापुढे तपासणाऱ्याची आणि आणखी एकाची सही. सगळं संगणकावर असताना ही वही कशाला, असं मी एकदा म्हटलं. प्रतिभाताई म्हणाली, "संगणकाला लाज नसती. हातानं रेघ मारताना माणूस जरा थांबतंय."

आपल्या ताऱ्याच्या चौदा रात्री माझ्याकडे होत्या. त्यांचे वेग ठिपक्यांनी मांडून मी त्यांतून जाणारा एक वक्र काढला होता आणि तो फार सुरेख बसला होता. मागच्या शुक्रवारी डॉ. नगरकरांनी, म्हणजे आमच्या सरांनी, तो भिंतीवर लावून घेतला होता. "केतकीबाई, फारच देखणी रेघ काढलीत हो. मुलगी दाखवायला न्यावी तशी आहे." सगळे हसले. मी त्या वाक्यावर आठवडाभर तरंगत होते. त्या वक्राप्रमाणे न दिसणारा सोबती होता जेमतेम अर्ध्या सूर्याएवढा, म्हणजे कुठला तरी मिणमिणता बुटका तारा. त्यात विशेष काही नव्हतं. पण वक्र माझा होता.

बुधवारी सकाळी पहिली रात्र आली. वेग आला वक्रावर असायला हवा त्याच्या तिप्पट. गुरुवारी चौपट. शुक्रवारी पुन्हा तिप्पट, आणि उलट्या दिशेला.

तीन ठिपके. भिंतीवरच्या माझ्या रेघेपासून इतके लांब की कागदावर मावेनात. त्यांच्यासाठी वर-खाली आणखी कागद चिकटवावे लागले असते.

शुक्रवारी साडेअकरा वाजले होते. मीटिंग चारला होती. माझा प्रकल्प अहवाल सोमवारी द्यायचा होता, आणि त्याचं मुखपृष्ठ म्हणजे तो वक्र.

मी नोंदवही काढली. तीन तांबड्या रेघा मारल्या. कारण लिहिलं, 'दिवा सरकला. हवेच्या रेघा तपासल्या, त्याही सरकलेल्या.' खाली माझी सही.

प्रतिभाताई साडेतीनला आली. एसटीतून उतरून थेट. केसांत धूळ, हातात तीच अडकणाऱ्या चेनची पिशवी आणि एका डब्यात आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी.

"आई कशी आहे?"

"बरी हाय. दादा म्हणतोय, आता तू इथंच राहा. सासरी जात न्हाईस तर निदान आईचं तरी कर." तिने डबा माझ्यापुढे सरकवला. "ही तुला. तीन रात्री आल्या?"

"आल्या. पण रद्द कराव्या लागल्या."

तिचा हात डब्यावरच राहिला. "तिन्ही?"

"दिवा सरकलाय."

तिने वही ओढली. वाचली. बराच वेळ वाचत राहिली, आणि तिथे तर एकच ओळ होती.

"हवेच्या रेघा बघितलीस?"

"हो."

"सरकल्यात?"

"हो ताई."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. मग तिने पेन घेतलं आणि माझ्या सहीशेजारी 'प्र. साळोखे' असं लिहिलं. रात्रभर दवाखान्यात आणि सकाळपासून एसटीत बसलेल्या माणसाची सही होती ती, थोडी खाली घसरलेली.

मीटिंगमध्ये सरांनी वक्र पाहिला आणि म्हणाले, "चला. सामान्य जोडी. साळोखे, तुमचं भूत काही निघालं नाही. यादीतला पुढचा तारा घ्या."

"सर," प्रतिभाताई उभी राहिली. सरांसमोर ती अगदी पुस्तकी बोलायची, शब्द मोजून. "या तीन रात्री रद्द झाल्या आहेत. लागोपाठ तीन रात्री दिवा सरकणं जरा विचित्र वाटतं. हा तारा फार लांबट कक्षेत फिरत असेल, तर बहुतेक काळ तो सावकाशच दिसेल. सोबत्याच्या जवळ आल्यावर चारदोन दिवसच वेग वाढेल. मला आणखी एक फेरी मिळाली तर..."

"विचित्र वाटतं म्हणजे? तपासलं की नाही?"

"तपासलंय. केतकीनं."

"सही कोणाची आहे?"

"तिची. आणि माझी."

"मग स्वतःच्या सहीवर तुमचा विश्वास नाही का?" सर खुर्चीत मागे रेलले. "साळोखे, पंचांनी चितपट दिल्यावर पुन्हा कुस्ती लावा म्हणणं तुमच्याकडे तालमीत चालत असेल. इथे दुर्बिणीची एकेक रात्र मागायला आठ देशांतले लोक रांगेत असतात."

कोणी तरी हसलं. प्रतिभाताई खाली बसली. मी तिच्या शेजारीच होते. माझ्या हातात पेन होतं आणि मी माझ्या वहीच्या कोपऱ्यात चौकोन काढत होते. एकात एक असे सात चौकोन काढले, हे मला नीट आठवतं.

पुढचा तारा घेतला. त्यात काही नव्हतं. मार्चमध्ये सरांनी तिला कसेबसे सहा महिने वाढवून दिले. मला प्रकल्पात पहिला क्रमांक मिळाला आणि सरांनीच मला सहायक म्हणून ठेवून घेतलं. तिच्याच खोलीत, तिच्याच शेजारच्या खुर्चीवर.

सप्टेंबरमध्ये एका सकाळी सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. टेबलावर छापून काढलेला एक शोधनिबंध होता. परदेशातल्या एका गटाचा. वर तोच लांबलचक क्रमांक.

"वाचा," सर म्हणाले. प्रतिभाताईने उभ्याउभ्याच वाचला. मला तिच्या खांद्यावरून फक्त आकृती दिसत होती. माझाच वक्र होता तो. बराच भाग अगदी तसाच, संथ, देखणा. आणि एका ठिकाणी तो कडेलोट झाल्यासारखा खाली कोसळून पुन्हा वर उसळला होता. त्यांनी त्यासाठी कागद मोठा घेतला होता.

"नऊ सूर्यांचं वजन," सर म्हणाले. "किमान नऊ. आणि उजेडाचा एक कण नाही. म्हणजे कृष्णविवरच, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यांनी ज्या रात्रींवर हे बेतलंय तशाच तीन रात्री आपल्याकडे त्याआधी दोन महिने होत्या. मी काल वही काढून बघितली." त्यांनी हिरवी नोंदवही पुढे टाकली. पान उघडंच होतं. "साळोखे, ही सही तुमची?"

"हो सर."

"केतकी तेव्हा शिकाऊ होती. तिची चूक होऊ शकते. तुम्ही पाच वर्षं इथे आहात. तुम्ही स्वतः तपासून सही केलीत, की न बघता केलीत? दोन्हीपैकी काहीही असलं तरी मला तुमच्यासाठी आता काही लिहिता येणार नाही."

खिडकीबाहेर माळी गवत कापत होता. त्या यंत्राचा आवाज येई, थांबे, पुन्हा येई. प्रतिभाताई माझ्याकडे वळली नाही. मला वाटलं, वळली तर मी बोलेन. नक्की बोलेन.

"सही माझी आहे, सर," ती म्हणाली.

"अजून काही सांगायचंय?"

हा प्रश्न त्यांनी कोणाकडे बघून विचारला ते मला आजही ठरवता येत नाही. मी टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"नाही," प्रतिभाताई म्हणाली.

त्या दुपारी तिने त्या तीन रात्री संगणकावर काढल्या. मी शेजारी बसले होते. तिने तांबड्या टोकाकडे जाऊन प्राणवायूच्या रेघा एकेक करून मोजल्या. न घाई करता, जणू अजून मीटिंगला वेळ आहे. तीन तास. मग तिने तीन कागद छापून माझ्यापुढे ठेवले. एकही रेघ हललेली नव्हती. तिन्ही रात्री हवा आपल्या जागी होती.

"तू ह्या उघडल्याच न्हाईस," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

मी उघडल्या नव्हत्या. त्या शुक्रवारी साडेअकराला मी वही काढली आणि अकरा पस्तीसला परत ठेवली. तपासणीला लागतात तीन तास. माझ्याकडे साडेचार होते. मी कँटीनमध्ये जाऊन जेवले.

"ताई, मी सरांना सांगते. आत्ता जाऊन सांगते."

"सांग की."

मी उठले नाही.

तिने थोडी वाट पाहिली. खरंच वाट पाहिली, मी बघत होते. मग कागद गोळा केले. "रेघ मारलीस त्याचं काही न्हाई गं. मी बी मारल्यात. शिकताना सगळीच मारतात. पण मी तुला 'सरकल्यात?' म्हणून विचारलं, तवा तू माझ्या डोळ्याला डोळा लावून 'हो' म्हणालीस. मला आता कुणाच्या सहीशेजारी सही करायला जमायचं न्हाई. आणि ह्या धंद्यात एकट्याच्या सहीला किंमत नसती."

"ताई, मला वाटलं नव्हतं की—"

"तुला वाटलं नव्हतं, ते ठीक हाय. मला वाटलं हुतं. लई आतनं वाटलं हुतं. तरी मी तुझंच खरं धरलं." ती हसली, आणि ते हसणं मी पुढे कितीदा तरी आरशात करून पाहिलंय, मला जमत नाही. "तुझं चांगलं चालू दे. नगरकरांना माणूस लागतोच."

आठ दिवसांत ती गेली. विलासदादा टेम्पो घेऊन आला होता. एक कॉट, पुस्तकांची तीन खोकी, एक स्टोव्ह. त्याने मला ओळखलं नाही. "झालं एकदाचं," तो टेम्पोच्या ड्रायव्हरला म्हणाला. प्रतिभाताई पुढे दोघांच्या मधे बसली. निघताना तिने काचेतून हात केला की केस सारखे केले, कोण जाणे.

सरांनी मला फार चांगलं शिफारसपत्र दिलं. 'काटेकोर' हा शब्द त्यात दोनदा होता. त्या पत्रावर मला बंगळूरला मोठ्या कंपनीत आकडे तपासण्याची नोकरी मिळाली. बारा वर्षं झाली त्या शुक्रवाराला. लग्न झालं, आता नागपूरला असते, मुलगी नऊ महिन्यांची आहे. मी तिचा ताप तीनदा मोजते. झोपली की नाकाशी बोट धरते. घरचे हसतात. नवरा म्हणतो, "तू जरा जास्तच बघतेस." सासूबाई म्हणतात, "पहिलटकरीण अशीच असते." मी तशी नव्हते, आणि कधी नव्हते ते यांना माहीत नाही.

मुलगी झाल्यावर दवाखान्यातच मी पहिल्यांदा प्रतिभाताईच्या जुन्या नंबरवर फोन लावला. का, ते सांगता येणार नाही. बंद होता. मग दसऱ्याला कुठून कुठून विलासदादाचा नंबर मिळवला.

"मी पुण्याची मैत्रीण बोलतेय. प्रतिभाताई आहेत का?"

"शेताकडं गेलीया. बरी हाय."

"मोबाइल नाही का त्यांच्याकडे?"

"काय करायचाय तिला मोबाइल?"

दिवाळीत पुन्हा केला. सकाळचे अकरा वाजले होते. "झोपलीया," तो म्हणाला. पहाटे पाचला उठून पोहे करणारी प्रतिभाताई सकाळी अकराला झोपली होती. "बरी हाय हो. सारखं काय?"

तिसऱ्यांदा संक्रांतीला केला. "ती न्हाई इथं. मुंबईला असती आता."

"मुंबईला कुठे?"

"असती नोकरीला."

तो बोलत असतानाच त्याच्या मागे एका बाईचा आवाज आला. कोणा मुलाला सांगत होती, "अरे, आक्काचं ताट उंबऱ्यातच ठिव. आत जाऊ नगंस." मग फोन बंद झाला.

गावी त्या घरात आक्का म्हणून एकीलाच हाक मारतात. तिनेच मला सांगितलं होतं ते, भाचे तिला आक्का म्हणतात म्हणून.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, दुसरी कोणी आक्का असेल. असेल. मी पोलिसांना फोन केला; ते म्हणाले, तुम्ही कोण तिच्या? मैत्रीण, असं सांगायला माझी जीभ वळेना. स्वतः जायचं तर मुलगी लहान आहे, तिला सर्दी आहे, थंडी आहे. नऊ महिन्यांचं मूल घेऊन बायका कुठून कुठे जातात, हे मलाही कळतं. पुढच्या महिन्याचं तिकीट मी काढलंय. याआधी दोनदा काढून रद्द केलंय.

म्हणून तुम्हाला सांगते. कागलहून निपाणीकडे जाताना माळगेवाडी फाटा लागतो. आत दोन किलोमीटर, दूध डेअरीच्या मागे साळोख्यांचं घर. तुम्ही त्या बाजूचे असाल, किंवा कामाने जात असाल, तर थांबा. दारात कोणी 'बरी आहे' म्हणालं तर तेवढ्यावर परत फिरू नका. शेतात आहे म्हणाले तर शेतात जा. मुंबईला आहे म्हणाले तर पत्ता मागा. पाणी मागा, बसा, निघू नका. ती त्रेचाळीस वर्षांची असेल. तिला बाहेर बोलवा, उजेडात बघा, जेवली का विचारा. आणि तिने विचारलं, कुणी पाठवलं, तर माझं नाव सांगा. ऐकून ती तुमच्या तोंडावर दार लावून घेईल. घेऊ दे. दार लावायला ती स्वतः उठून आली, एवढं फक्त मला कळवा.